अकरा नंबरची काच

माझ्या हातून जे घडले त्याच्या मुळाशी स्वच्छता होती, हे मला आज कबूल केले पाहिजे. लहानपणापासून मला घाण सहन होत नाही. कुणी उष्टा चमचा साखरेच्या डब्यात घातला की माझा दिवस नासतो. दाराच्या कडीवर ओला हात लागला की मी कोपराने दार उघडतो. आई म्हणायची, "हे पोर धुऊन वाळत घातल्यासारखं आहे, जरा घडी पडली की रडतं." अशा माणसाच्या वाट्याला डोंगरातल्या महामार्गावरचा तो कडा आला.

नदीची साथ सोडून रस्ता जिथे एकदम वर वळतो, तिथे हा कडा रस्त्यावर ओणवून उभा आहे. त्याच्या अंगावर तारेची जाळी पांघरलेली आहे. पायथ्याशी कोसळलेले दगड अडवण्यासाठी रुंद चर खणलेला आहे आणि चराच्या पुढे लोखंडी कठडा. पण दगड क्वचित पडतात आणि प्रवासी रोज थांबतात. त्यामुळे चरात पोरांचे लंगोट, बुरशी धरलेले पाव, पिवळे पाणी भरून बूच घट्ट लावलेल्या बाटल्या, असा सगळा ऐवज साठत असे. डोंगराच्या पायाशी माणसे अशी वागतात, जणू डोंगराला नाक नाही. जाळीत अडकून मेलेला एक कावळा कित्येक महिने तिथेच लटकत होता. आधी तो फुगला, मग वाळला, शेवटी पंखांची एक काळी चिंधी उरली. माझ्या चढण्याच्या वाटेवर तो बरोबर डोळ्यांच्या उंचीवर यायचा.

कड्यावर बावीस भेगा होत्या. प्रत्येक भेगेच्या दोन्ही काठांवर सिमेंटची एकेक बैठक, आणि त्या दोन बैठकांवर आडवी चिकटवलेली वीतभर काचेची पट्टी. दगड जरा जरी सरकला तरी भेग रुंदावते. काच ताणली जात नाही, ती फुटते. इतके साधे शास्त्र. काच फुटली याचा अर्थ कडा हलला, आणि कडा हलला याचा अर्थ रस्ता बंद. नोंदीच्या छापील तक्त्याच्या पाठीवर नियमच होता: "काच भंगलेली आढळल्यास नोंद घेणाऱ्याने तत्काळ दोन्ही फाटके पाडावीत." नोंद घेणारा मी होतो. सव्वा वर्षात मी फाटक एकदाही पाडले नव्हते.

कारण काचा मी शुक्रवारी तपासत असे, आणि गुरुवारी स्वच्छ करत असे.

ही पद्धत माझ्या आधीपासून होती. नोकरीच्या पहिल्याच दिवशी साहेबांनी मला ती समजावली होती. साहेब म्हणजे माझ्या ताईचे यजमान, माझे भाऊजी. ही नोकरी त्यांच्याच शब्दाने मिळालेली. बोलता बोलता ते पेनाचे टोपण कानात फिरवत होते. "हे बघ, गुरुवार देखभालीचा, शुक्रवार नोंदीचा. फुटकी काच दिसली की गुरुवारी काढायची, नवी लावायची. मळलेल्या, फुटलेल्या काचेवर कोण काय वाचणार? आधी झाडू, मग पाहुणे." मग टोपण पेनाला लावून त्यांनी ते पेन सहीसाठी माझ्यापुढे धरले. टोपणाला हात न लावता मी ते दोन बोटांनी धरले; पण बोलण्यातला मुद्दा मात्र पटला. जे मळले ते पुसावे, जे फुटले ते बदलावे. माझ्या स्वभावाला इतका गोड नियम आजवर कुणी सांगितला नव्हता.

आणि मी तो मन लावून पाळला. नव्या काचेवर बारीक कुंचल्याने लाल रंगात भेगेचा नंबर आणि लावल्याची तारीख लिहायचो; माझे अक्षर चांगले आहे. शुक्रवारी ओल्या फडक्याने बावीसही काचा पुसून तक्त्यावर बावीस वेळा लिहायचो, 'अखंड'. देखभालीचा तक्ता कोठारात जाई आणि नोंदीचा मुख्य कचेरीत. दोन्ही कागद एकत्र पाहणारे जगात एकच डोळे होते, माझे, आणि त्यांना अक्षराच्या वळणापलीकडे काही दिसत नव्हते.

कचेरीच्या दाराशी एक फळा होता: 'दरडीमुळे वाहतूक बंद न झालेले सलग दिवस'. खाली खिळ्यांवर टांगलेले पत्र्याचे आकडे. रोज सकाळी ते बदलणे हेही माझेच काम. त्या आठवड्यात आकडा सातशे ओलांडून पुढे गेला होता, आणि येत्या सोमवारी महामार्ग मंडळाची वरिष्ठ माणसे 'दरडमुक्त मार्ग' अशी पाटी बसवायला येणार होती. भाऊजींनी त्यासाठी नवे बूट घेतले होते. ते कपाटावर खोक्यात होते आणि दर अर्ध्या तासाने ते खोक्याचे झाकण उघडून आत पाहत, एखादे बाळ झोपले आहे की नाही ते पाहावे तसे.

त्या गुरुवारी मी आणि दोरकाका वर होतो. दोरकाकांचे खरे नाव हजेरीपटापुरते. सगळे त्यांना दोरकाकाच म्हणत. पस्तीस वर्षे कमरेला दोर बांधून त्यांनी या डोंगराचे सुटे दगड पहारीने खाली पाडले होते. पहारीने आधी दगडावर टिचकी मारायची, कान द्यायचा. खणखणला तर ठेवायचा, बदबदला तर पाडायचा, ही त्यांची विद्या. त्यांच्या पट्ट्याला जुन्या घामाचा असा काही वास होता, की त्यांच्या मागून चढताना मी तोंडाने श्वास घेत असे. याची मला आता लाज वाटते.

अकरा नंबर एका अरुंद कपारीवर होता. वरचा कातळ दोन मजली घराएवढा, रस्त्याच्या बाजूला किंचित झुकलेला; त्याच्या पाठीमागून ती भेग खाली उतरत होती. काच फुटली होती. मी तुकडे काढून दोरकाकांच्या हातात दिले, बैठका खरवडल्या, सिमेंटचा मसाला कालवला आणि नवी पट्टी लावायला घेतली.

ती पोहोचेना.

एका बैठकीवर टेकवली की दुसऱ्या बाजूला टोक अधांतरी. मधोमध धरली तर दोन्हीकडे जेमतेम कडेला स्पर्श. मी वैतागलो. "कोठारवाल्यांना कामाची लाजच नाही, काका. पट्टी आखूड कापलीय."

दोरकाका हसले नाहीत. त्यांनी बाराव्या भेगेसाठी आणलेली दुसरी पट्टी काढून पहिलीला लावून दाखवली. दोन्ही समान. मग मघाचे फुटके तुकडे जुळवून वर धरले. तेही समान.

"काच तेवढीच आहे बाळा," ते म्हणाले. "आखूड झालेली नाही."

मी बैठकांकडे पाहिले. पहिल्यांदा ही काच लावली तेव्हा पट्टी दोन्ही बाजूंना बोट-बोटभर पुढे यायची, हे मला आठवले. मग थोडी कमी यायची. मग बैठकीच्या काठोकाठ बसायला लागली, तेव्हा मी मनाशी म्हटले होते, आता कशी नेटकी बसते! माझ्या हाताला सफाई आली असे मला वाटले होते.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारले.

"मला काय माहीत असणार? मी अंगठेबहाद्दर माणूस. वाटायचं, सारखी काच बदलायला लावतात, तर वर कुठंतरी बसून कुणी शहाणा फुटलेल्या मोजत असेल." त्यांनी फुटके तुकडे खिशात टाकले. "तू मोजत नव्हतास?"

कातळाला टेकलेला माझा पंजा मी उचलून घेतला. खालून एक बस घरघरत वळण चढत गेली. तिच्या खिडकीतून कुणीतरी साली चरात भिरकावल्या.

खाली उतरल्यावर दोरखंड ठेवायच्या खोलीत दोरकाकांनी एक गंजका पत्र्याचा डबा माझ्यापुढे ठेवला. फुटक्या काचा खाली टाकल्या तर टायर फाटतात, म्हणून ते प्रत्येक तुकडा खिशात घालून आणत आणि या डब्यात टाकत. डब्याच्या तळाशी झुरळांची लेंडी, कुबट वास, आणि काचा. मी हातमोजे न घालता त्यांत हात घातला. आयुष्यात बहुधा प्रथमच.

प्रत्येक तुकड्यावर माझे अक्षर होते. लाल, गोल, टपोरे. अकरा नंबरचे तुकडे निवडून मी जमिनीवर तारखांच्या क्रमाने मांडले. पहिली काच चार महिने टिकली होती. दुसरी तीन. तिसरी दोन. मग दीड महिना, एक महिना, तीन आठवडे, पंधरा दिवस. शेवटच्या दोन एकेक आठवडाही पुरत्या टिकल्या नव्हत्या. कुणीतरी बंद दारावर आधी हळू, मग घाईने, मग दोन्ही मुठींनी ठोठावावे, तसा तो कातळ सव्वा वर्ष ठोठावत होता; आणि मी दर गुरुवारी आतून दार पुसत होतो.

खोलीमागे जाऊन मी ओकलो. दोरकाकांनी पाण्याची बाटली दिली, तिच्या तोंडाला त्यांचे ओठ लागलेले होते. मी प्यालो.

"आता साहेबांच्या कानावर घाल," ते म्हणाले. "आणि बोलताना जमिनीकडं बघत बोलू नकोस. तुझा आवाज तुझ्याच बुटात जातो."

भाऊजी जेवत होते. मी डब्यातले नऊ तुकडे त्यांच्या टेबलावर ओळीने मांडले आणि सांगितले. त्यांनी पूर्ण ऐकले, हे मी मान्य करतो. जेवता जेवता ऐकले; दातात अडकलेले काहीतरी जिभेने शोधत, अधूनमधून मान हलवत. एका तुकड्यावर त्यांच्या बोटाचा तेलकट ठसा उमटला.

"म्हणजे तुझं म्हणणं, कातळ येणार."

"तारखा तसं सांगतात."

"कधी?"

"ते सांगता येत नाही. पण फार दिवस नाहीत."

"येईल तेव्हा येईल असं सांगायला तू कशाला हवास? ते दोरकाकाही सांगतील." ते स्वतःच्या विनोदावर हसले, मग हसू पुसून टाकले. "नीट ऐक. आज फाटक पाडलं, तर वरून पहिला प्रश्न येणार, की सव्वा वर्ष 'अखंड' कुणी लिहिलं? कुणी लिहिलं?"

"मी."

"सही?"

"माझी."

"मग? झाकली मूठ आहे, झाकलेलीच राहू दे. सोमवारी पाटी बसेल, मंगळवारी मी स्वतः वर लिहितो की कड्याची तज्ज्ञांकडून पाहणी करा. चार दिवसांचा प्रश्न आहे. एवढे दिवस उभा आहे तो दगड, चार दिवसांत काय त्याला गाडी पकडायचीय?"

"आणि अकरा नंबरला काच?"

"लांब कापून घे ना," ते म्हणाले. अगदी सहज, जणू पँट आखूड झाली आहे आणि शिंप्याकडे जायचे आहे. मग टोपण कानाकडे गेले.

मी उठलो. टेबलावरचे तुकडे गोळा केले आणि दार हलक्या हाताने लावून घेतले. माझ्या भित्रेपणाला लोक सुसंस्कृतपणा म्हणतात, आणि मीही बरीच वर्षे तसेच समजत आलो होतो.

संध्याकाळी ताईचा फोन आला. ताई खालच्या गावातल्या शाळेत शिकवते. तिच्यासह चौघी शिक्षिका रोज सकाळी एका छोट्या पांढऱ्या गाडीतून त्याच वळणावरून जातात. गाडी चित्रकला शिकवणाऱ्या बाईंची. ताई आधी माझ्या जेवणाबद्दल बोलली, मग माझ्या खोकल्याबद्दल. मग म्हणाली, "अरे, नदीकाठच्या जुन्या रस्त्याने बस किती वाजता असते?"

"का गं?"

"यांनी सांगितलंय, चार दिवस त्या बसने जा. वरच्या रस्त्याला कसलंसं काम आहे म्हणे, धूळ उडते, तुला खोकला होईल. आणि बाकीच्यांना सांगत बसू नकोस म्हणाले, उगाच चर्चा होते." ती हसली. "लग्नाला बारा वर्षं झाली, माझ्या खोकल्याची काळजी पहिल्यांदाच वाटली त्यांना. काम कसलं रे आहे?"

खोलीत दिवा लावलेला नव्हता. खिडकीच्या काचेवर मला माझे तोंड दिसत होते. मी तिला खरे सांगू शकलो असतो. मी म्हणालो, "बस पावणेसातला असते."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ हात धुतले. भाऊजींना कातळ खोटा वाटला असता, तर मी त्यांना मूर्ख म्हणून माफ केले असते. त्यांना तो पुरता खरा वाटला होता. त्यांनी आपले एक माणूस त्याच्याखालून गुपचूप काढून घेतले होते आणि बाकीचा रस्ता चालू ठेवला होता. आणि ताईची जागा तेवढी रिकामी ठेवून ती पांढरी गाडी उद्या सकाळी त्याच वळणावर येणार होती. साबण संपला तरी माझे हात स्वच्छ होईनात.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला मी फाटकाशी गेलो. कधीच न पाडल्यामुळे ते बिजागरीत गंजून बसले होते. मी लोंबकळलो, ढकलले, लाथ मारली; हाताच्या तळव्यांना गंजाचा तपकिरी चिखल लागला. मागून दोरकाका आले. त्यांनी न बोलता पहारीचा एक तडाखा बिजागरीवर दिला आणि फाटक किंचाळत खाली आले. "दुसऱ्या टोकाचं पाडूनच आलोय," ते म्हणाले. "तुझी वाट बघितली असती तर दुपार झाली असती."

पंधरा मिनिटांत रांग लागली. अनोळखी माणसाला वेळ विचारायलाही ज्याची जीभ अडखळते, त्याला चाळीस गाड्यांसमोर उभे राहावे लागले.

"ओ फाटकवाले, सासरा येणार आहे का तुमचा, रस्ता मोकळा करून ठेवलाय तो?"

"माझ्या गाडीत अंडी आहेत रे बाबा! तू फाटक उघडेपर्यंत पिल्लं बाहेर येतील, मग त्यांना काय तू दाणे घालणार?"

"कडा हलतोय," मी म्हणालो.

"काय?"

"कडा..."

"मोठ्यानं बोल की! नवरीसारखा काय लाजतोस?"

कुणीतरी चराच्या कडेला जाऊन, रांगेला पाठ करून, निवांत लघवी करू लागला. तेवढ्यात रांगेच्या बाजूने एक छोटी पांढरी गाडी पुढे सरकली. चित्रकलेच्या बाईंनी काच खाली केली. मागे दोघी बसल्या होत्या, मांडीवर वह्यांचे गठ्ठे. चौथ्या जागेवर कुणीतरी छत्री ठेवली होती.

"अगं बाई, हा तर हिचा धाकटा भाऊ! काय रे, ताईला बरं नाही का? सकाळी नुसता निरोप आला, आज येत नाही म्हणून. सोड ना आम्हाला, पहिला तास माझा आहे."

मी मान हलवली. होकाराची की नकाराची, ते मलाही कळले नाही. आणि त्याच वेळी कचेरीची जीप आली. भाऊजी उतरले. त्यांच्या पायांत नवे बूट होते, आणि हातात कागदात गुंडाळलेली, दीड वीत लांब अशी काचेची पट्टी.

ते जवळ आले, हसतमुख. लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "किरकोळ दुरुस्ती होती, मंडळी, झालीच म्हणून समजा!" मग माझ्या कानाशी: "अक्कल गहाण ठेवलीस का? उघड. ही घे, दोरकाकांना वर पाठव, दहा मिनिटांत लावून होईल. सगळं अखंड. तुझ्या ताईला तोंड कसं दाखवणार आहेस तू?"

त्यांच्या तोंडाला बडीशेपेचा आणि त्याखाली न घासलेल्या दातांचा वास येत होता. मी ती काच हातात घेतली. सुंदर कापलेली होती. कडा घासून गुळगुळीत केलेल्या. कोठारवाल्याने आयुष्यात एवढे चांगले काम कधी केले नसेल.

"भाऊजी," मी म्हणालो, आणि माझा आवाज या खेपेस बुटात गेला नाही, "ताई आज कुठल्या रस्त्याने गेली?"

"काय?"

"ताई आज कुठल्या रस्त्याने गेली, ते या बाईंना सांगा. त्या विचारत होत्या."

हॉर्न वाजवणारे पुढचे दोघे-तिघे थांबले. भाऊजींनी पांढऱ्या गाडीकडे पाहिले. तिच्यातल्या तिघींनी त्यांच्याकडे पाहिले. अंडीवाला फाटकावर कोपरे टेकवून पुढे वाकला. भाऊजींचे ओठ हलले. त्यांना खोटे बोलता आले असते. ते त्यात तरबेज होते. पण बाईंच्या डोळ्यांत उत्तर आधीच पोहोचले होते.

"ती जुन्या रस्त्याने गेली," बाई सावकाश म्हणाल्या. "तुम्ही पाठवलीत." त्यांनी मान वाकवून वर, कड्याकडे पाहिले. मग काच वर केली आणि गाडी मागे घ्यायला सुरुवात केली.

एवढेच झाले. कुणी भाऊजींच्या अंगावर धावून गेले नाही. अंडीवाला जमिनीवर थुंकला, नव्या बुटांपासून वीतभर अंतरावर, आणि म्हणाला, "साहेब, आमच्या बायका कुठल्या रस्त्यानं पाठवू, तेही सांगून ठेवा." मग एकामागून एक गाड्या वळल्या. भाऊजी जीपमध्ये जाऊन बसले आणि किती तरी वेळ त्यांनी ती सुरूच केली नाही.

मी कचेरीत जाऊन फळ्यावरचे तिन्ही आकडे काढले आणि एक शून्य टांगले. नोंदीच्या तक्त्यावर अकरा नंबरपुढे 'भंगलेली' लिहिले. टेबलावर भाऊजींचे पेन होते. मी माझी पेन्सिल वापरली. सोबत नऊ तुकड्यांच्या तारखा लिहिल्या, आणि खाली असेही लिहिले, की मागचे सगळे 'अखंड' माझे आहेत आणि ते खोटे आहेत. मग दोन्ही तक्ते, देखभालीचा आणि नोंदीचा, पहिल्यांदाच एका पाकिटात घालून मुख्य कचेरीत पाठवले.

कातळ सहाव्या दिवशी दुपारी आला. दोरकाका आणि मी फाटकाशी भाकरी-चटणी खात बसलो होतो. आधी एक बारीक, कापड फाटल्यासारखा आवाज झाला. मग जाळी धाग्यासारखी तुटली, कठडा वाकला, चर भरून वाहिला, आणि जिथे पांढरी गाडी रोज वळते तिथे दोन मजली घराएवढा दगड येऊन बसला. त्याच्यामागून उठलेली धूळ आमच्या अन्नावर, केसांवर, ओठांवर बसली. दोरकाकांनी पहार उचलली, जवळ जाऊन दगडावर टिचकी मारली आणि कान दिला.

"आतून पार पोकळ होता," ते म्हणाले.

पंधरा दिवसांनी मंडळाचे पत्र आले. त्यात कचेरीचे अभिनंदन होते. 'काचपट्ट्यांच्या नियमित देखभालीमुळे' धोका वेळीच ओळखता आला आणि मनुष्यहानी टळली, असे म्हटले होते. प्रमुख म्हणून भाऊजींचे नाव आणि, खाली, 'सुवाच्य नोंदींबद्दल' माझे. माझ्या कबुलीचा उल्लेख कुठेही नव्हता. त्यांनी ती वाचली नव्हती, किंवा वाचून पुसली होती. फुटके दिसले की बदलायचे, ही पद्धत वरपर्यंत जाते, एवढे मला कळले. भाऊजींनी पत्र चौकटीत बसवून भिंतीवर लावले. त्याच्या काचेवर माशी बसली की ते रुमालाने पुसतात.

त्या रविवारी मी ताईकडे गेलो. भाऊजी आतल्या खोलीत घोरत होते. ताई ओट्याशी भांडी घासत होती, माझ्याकडे पाठ करून. शाळेत आता तिच्याशी कुणी फारसे बोलत नाही, हे तिने सांगितले. चित्रकलेच्या बाई नमस्कार करतात, पण गाडीत जागा नसते.

"तू मला फोनवर का नाही सांगितलंस?" तिने विचारले.

"धीर झाला नाही."

नळ वाहत राहिला. तिने एकच ताट पुन्हा पुन्हा घासले.

"मला वाटलं धूळच असेल," ती म्हणाली. मग नळ बंद करून: "नाही रे. नव्हतं वाटलं. ते माझ्या खोकल्याबद्दल बोलले ना, तेव्हाच कळलं होतं, की काहीतरी आहे. तरी मी गुपचूप बसने गेले. बाईंना साधा फोन..."

आतून घोरणे थांबले. आम्ही दोघेही गप्प झालो, चोरासारखे. मग ते पुन्हा सुरू झाले.

मी तिच्या हातातले ताट घेतले. त्याला अजून राखेचा ओशट थर होता. नेहमीप्रमाणे मी ते धुवायला नळाखाली धरले नाही. तसेच तिच्या शेजारी उभा राहिलो, ओले, अर्धवट घासलेले ताट हातात घेऊन.